उजेडाचे पत्रे

पिशवीत नऊ गोष्टी होत्या. पिनेचा टोपीकडचा तुकडा, एक. टोकाकडचा तुकडा, दोन. टोकाच्या भोकात अडकवायची क्लिप, साखळी तुटलेली, तीन. विमा कंपनीच्या सर्वेक्षकाचं दोन पानी पत्र, चार. रंगीत फोटो तीन, म्हणजे सात. ग्रीसला चिकटून वाळलेलं द्राक्षाचं पान, आठ. आणि एक चिंधी. अंजलीनं त्या पांढऱ्या ट्रेमध्ये ओळीनं मांडल्या आणि वहीत उतरवल्या. पान आणि चिंधी पत्रातल्या यादीत नव्हती, चुकून आली असावीत. चिंधी ती टाकूनच देणार होती, पण चिमट्यात धरल्यावर तिच्या लक्षात आलं की ती नुसती चिंधी नव्हे, तिला गाठ मारलेली आहे, बारीक, दुहेरी, आणि गाठीपलीकडे कापड गोल राहिलं आहे. आईनं दोन हंगाम दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत काम केलं होतं, तेव्हा तिच्याही बोटात असंच कडं असायचं. दिवसभर कात्री चालवून कडी बोटाला रुतते म्हणून बायका जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बोटाला बांधतात. अंजलीनं व्हर्नियर घेतला आणि त्या कड्याचा आतला व्यास मोजला. सतरा पूर्णांक चार मिलिमीटर. तो आकडा कशासाठीही लागणार नव्हता. तरी तिनं तो लिहिला.

पत्रात जे लिहिलं होतं ते थोडक्यात असं: जानेवारीच्या अकरा तारखेला, सन दोन हजार पाच, सकाळी साडेसहाच्या सुमारास, दिंडोरी तालुक्यात द्राक्षकाढणीला निघालेली मजुरांची ट्रॉली चढावर ट्रॅक्टरपासून सुटली, उताराला मागे घरंगळली आणि नाल्यात उलटली. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी पिन तुटलेली आढळली. ट्रॉलीत चौदा माणसं. जखमी पाच. मयत एक, ठमाबाई नावाची बाई, वय बावन्न. त्या पहाटेचं तापमान चार अंश. पिन का तुटली याचा अहवाल हवा आहे. अंजलीनं पत्र बाजूला ठेवलं आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर टेकवून धरले. वीतभर लांब, दोन बोटं जाड पिन पुन्हा एक झाली. जोड असा बसला की मधून केस गेला नसता. तिनं पोलादी पट्टी लावून पाहिली. पिन सरळ होती. कुठे वाकलेली नव्हती, ओढ बसून बारीक झालेली नव्हती. चांगलं पोलाद तुटण्यापूर्वी वाकतं, ताणलं जातं, खडखडतं, ड्रायव्हरला मागे वळून बघायला वेळ देतं. ही पिन काही न सांगता तुटली होती. तुकडे पुन्हा वेगळे केल्यावर आतला पृष्ठभाग खिडकीच्या उजेडात खडीसाखरेसारखा चमकला. मग तिनं टोपीवरचं ग्रीस रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं. खालून आधी त्रिकोण वर आला, मग त्याच्या पोटात दोन आकडे. नव्व्याण्णव. त्रिकोणाचा डावा कोपरा किंचित बोथट होता. तो ठसा तिला बोटांनी ओळखता आला असता. बोळा तिच्या हातात होता तसाच राहिला, आणि रॉकेल मनगटावरून बाहीत उतरलं तरी तिला ते कळलं नाही.

त्या त्रिकोणाची शेड सातपूरला होती, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला, आता तिथे बॅटऱ्यांचं गोदाम आहे. अंजलीचे बाबा, लहानू, त्या शेडमध्ये एकोणीस वर्षं भट्टीवर होते. घणाखाली पिनेची टोपी घडली की पिना त्यांच्याकडे यायच्या. विटांच्या, तेलावर चालणाऱ्या भट्टीत त्या पुन्हा सावकाश तापवायच्या आणि बाहेर काढून हवेत निवू द्यायच्या. एवढंच काम, पण त्यातच पिनेचा सगळा जीव. ताप कमी पडला तर घणाचे वळ पोटात तसेच राहतात, जास्त झाला तर पोलादाच्या आतले दाणे फुगत जातात, एकमेकांना गिळून मोठे होतात. किती ताप झाला हे बाबा रंगावरून ओळखत. भट्टीला मीटर होता, त्याची नळी कधीतरी जळाली, ती पुन्हा आणली नाही. शेडचे मालक भाऊसाहेब पाहुण्यांना सांगत, "लहानूचा डोळा असताना मला मीटर कशाला?" बाबांचे रंग तीनच होते. डाळिंबी, गाजरी, पिवळट. डाळिंबी म्हणजे पिकल्या डाळिंबाचा दाणा, तो रंग आला की काढायचं, गाजरीकडे झुकायच्या आत. त्यासाठी शेडमध्ये अंधार असायचा. दिवसाउजेडीही भट्टीच्या बाजूचा दिवा बाबा लागू देत नसत. सुट्टीत डबा घेऊन गेलेली अंजली दारात क्षणभर थांबायची. आधी काहीच दिसायचं नाही, मग भट्टीचं तोंड दिसायचं, मग त्या तोंडासमोर बाबांची फक्त कड, कान, खांदा, सांडशी. बाकीचे बाबा अंधारातच असत, आणि तिला दर वेळी वाटायचं की तेवढेच उरले आहेत.

सत्त्याण्णव साली ती डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होती, अठरा वर्षांची. कारखान्यातल्या उजेडाचं प्रमाण, हवेचं प्रमाण, असलं काही नुकतंच शिकलेली. त्याच पावसाळ्यात बाबा शेडमधल्या अंधारात पडलेल्या सांडशीला अडखळून पडले आणि मनगट सुजवून घरी आले. अंजलीनं रात्रभरात फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला. कामाच्या जागी पुरेसा उजेड असणे हा कामगाराचा हक्क आहे, हे वाक्य तिला अजून पाठ होतं. सोबत छपराचा नकाशाही काढला होता, पट्टीनं, मोजमापासकट. पूर्वेच्या उतारावर सहा, पश्चिमेच्या उतारावर पाच, सिमेंटचे जुने पत्रे काढून त्या जागी फायबरचे, उजेड आत सोडणारे. भाऊसाहेबांनी अर्ज वाचला, हसले, आणि खरोखरच पत्रे बसवले. खंडेनवमीला भट्टीची पूजा झाली तेव्हा नारळ अंजलीच्या हातून फोडला. "लहानू, पोरीनं तुझ्या शेडचं छप्पर उघडलं रे!" ते म्हणाले. बाबा महिनाभर गल्लीत भेटेल त्याला थांबवून सांगत होते. पुढे डिप्लोमा झाला, डिग्री झाली, अंबडच्या चाचणी-प्रयोगशाळेत नोकरी लागली, पण नोकरीच्या मुलाखतीत तुम्ही आजवर काय सुधारणा केली असं विचारल्यावर तिला ते अकरा पत्रेच आठवले होते. शेडच्या जमिनीवर अकरा लांबट चौकोन पडायचे. दुपार कलेल तसे ते सरकायचे. तिसरा चौकोन दहा वाजता बरोबर भट्टीच्या तोंडावर यायचा. तेव्हा तिला ते किती सुंदर वाटलं होतं.

"ताई, घ्या तुमच्या चकत्या," म्हणत केरूमामांनी ट्रे पुढे केला तेव्हा ती दचकली. केरूमामा प्रयोगशाळेतले जुने मशिनिस्ट, नमुने कापून देणं त्यांचं काम. "लोखंड काय वंगाळ नाय. करवतीला बरोबर लागलं. पण तोंड बघा कसं चमकतंय, सोनाराचा माल वाटतो." रासायनिक तपासणीचा कागद दुपारपर्यंत आला. कार्बन योग्य. गंधक, फॉस्फरस मर्यादेत. पोलाद खराब आलं असतं तर कुणाला तरी दुसऱ्याला दोष देता आला असता, हे आपण मनात धरून होतो हे तिला तो कागद वाचताना कळलं. तिनं चकती घासली, घासत राहिली, बारीक कागदावर, मग त्याहून बारीक, मग मखमलीवर. आरशासारखी झाली तेव्हा तिच्यात खिडकी दिसली. आम्लाचा एक थेंब सोडून तिनं ती धुतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. चांगल्या पिनेत दाणे रव्यासारखे बारीक, दाटीनं बसलेले असतात. भेग निघाली तर तिला प्रत्येक दाण्याच्या वेशीवर अडावं लागतं, दिशा बदलावी लागते, तेवढ्यात पोलाद वाकून घेतं. इथे दाणा एवढा मोठा होता की एका वेळी तीन-चारच नजरेत मावत होते, आणि त्यांच्या कडांवरून आत पांढऱ्या सुया शिरलेल्या. असं तेव्हाच होतं जेव्हा कुणी पोलादाला हवं त्याहून शे-दीडशे अंश जास्त तापवून, वर वाट बघत बसतं. उन्हाळ्यात अशी पिन कदाचित निभावून नेते, ऊन पोलादाला जरा सैल करतं. चार अंशांवर ते सैल व्हायचं विसरतं. सहा वर्षं ती पिन ओझी ओढत होती आणि सहाव्या वर्षी तिला एक गार पहाट भेटली. भिंगातून डोळा काढला तरी ते मोठे दाणे तिला टेबलावर, भिंतीवर, पाण्याच्या ग्लासच्या तळाशी दिसत राहिले. नव्व्याण्णव साली त्रिकोणाच्या किती पिना झाल्या असतील? महिन्याला चारशे धरल्या तर. तिनं गुणाकार अर्धवट सोडला.

बसमध्ये खिडकीतून उजेड येत होता. पुढच्या बाईच्या पाठीवर त्याचा लांबट चौकोन पडला होता. ती बाई उतरली, चौकोन सीटवर राहिला. अंजलीला ठमाबाईचा चेहरा माहीत नव्हता. फोटोंमध्ये फक्त ट्रॉली होती, नाला होता, सांडलेले क्रेट होते. ते चिंधीचं कडं तिचंच असेल असंही नव्हतं, तरी तिच्याजवळ त्या बाईचं म्हणून एकच माप होतं, सतरा पूर्णांक चार, आणि त्या मापाभोवती बोट, बोटामागे हात, हातामागे पहाटेच्या थंडीत डोक्यावरून घेतलेला पदर असं काहीतरी आपोआप उभं राहू पाहत होतं आणि खांद्यापाशी येऊन थांबत होतं. त्याच्यापुढे भट्टीसमोरच्या बाबांसारखा नुसता अंधार. तिनं आपल्या उजव्या हाताची बोटं मुठीत धरली. ही कारणमीमांसा नाही, तिनं स्वतःला बजावलं. पिन जास्त तापली एवढंच सिद्ध झालंय. का तापली हे सिद्ध झालेलं नाही. बाबांचा हात पहिल्यापासूनच तसा असेल. सगळेच म्हणत होते लहानूचा डोळा, लहानूचा डोळा, पण मोजलं कुणी होतं? असा विचार आपण दिलासा म्हणून करतोय हे तिच्या लक्षात आलं. एकतर बाबा एकोणीस वर्षं चुकत होते, नाहीतर पाचच वर्षं, तिच्या पत्र्यांखाली. यातलं काय निघावं असं तिला वाटत होतं?

"आज काय मोडलं?" बाबांनी विचारलं. हा त्यांचा रोजचा प्रश्न. शेड बंद पडून तीन वर्षं झाली होती, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यात मोती पिकत होता. ते मोरीजवळच्या पाटावर बसून शेंगा सोलत होते.

"जोडायला शिकवली पोरगी, आन् पगार घेती मोडायचा," आई, शकुबाई, नेहमीप्रमाणे आतून म्हणाली. खलबत्त्यात तिचं दाण्याचं कूट चाललं होतं.

"मोडूनच आलं होतं. ट्रॉलीची पिन. दिंडोरीकडची."

"तिकडं आमच्या लय जायच्या. माझ्या हातची एक पिन म्हागारी आली नाय कधी."

अंजलीनं चप्पल काढून नीट भिंतीला लावली. "बाबा, ते उजेडाचे पत्रे बसवले ना, त्यानंतर भट्टीत काही फरक पडला होता का?"

"फरक? माणसात आलो की आम्ही! भिंतीवर पाली हायेत ते तवा कळलं." बाबा हसले. "फक्त तेल तेवढं बेकार याय लागलं त्याच टायमाला. भेसळ. पयले अर्ध्या तासात डाळिंबी यायचं. मग पाऊण तास. मग तास झाला तरी येईना. भाऊसाहेबाला दोनदा म्हणलं, टँकरवाला बदला. ते कुठं ऐकत्यात. मी आपला हवा वाढवायचो आन् बसायचो. पर डाळिंबी झाल्याबिगर काढली नाय हां एक पण."

उन्हात धरलेला निखारा काळपट दिसतो. हजार अंशांवरचं गाजरी पोलाद भर उजेडात धरलं तर डाळिंबीच दिसणार. हे पुस्तकात एका ओळीत होतं, ती ओळ तिनं तिसऱ्या वर्षाला वाचली होती, तिच्याखाली रेघ मारली होती, आणि तेव्हा तिला सातपूरची शेड आठवली नव्हती.

"संध्याकाळी मातर तेल बरं असायचं," बाबा म्हणाले. "सात वाजले की डाळिंबी कसं झटक्यात." त्यांची बोटं शेंगेवर होती, शेंग फुटली नाही. "तेच तेल. टाकी तर एकच व्हती." आत आईचा खलबत्ता चालू होता. बाबांनी चेहरा वर केला, तिच्याकडे नाही, तिच्या आवाजाच्या जागेकडे. "कोण गेलं का त्याच्यात?"

"एक बाई. ठमाबाई. बावन्न वर्षांची."

"शकूच्याच वयाची," बाबा म्हणाले आणि मग कितीतरी वेळ त्यांनी सोललेल्या शेंगांची टरफलंच पुन्हा पुन्हा सोलली.

रात्री छताकडे बघत ती पडून राहिली. छत स्लॅबचं होतं, त्यातून काही दिसणार नव्हतं, म्हणून बरं. मध्ये कधीतरी डोळा लागला तेव्हा ती शेडमध्ये होती आणि अकरा चौकोनांत अकरा बायका पाठमोऱ्या बसून कात्र्या चालवत होत्या. दुपार कलत होती, चौकोन सरकत होते, आणि बायका न उठता चौकोनांबरोबर भट्टीकडे सरकत होत्या. तिला ओरडून सांगायचं होतं, पण तिच्या हातात कागद होता आणि तो आधी वाचून दाखवणं भाग होतं. कामाच्या जागी पुरेसा उजेड असणे. ती जागी झाली. बाबांच्या अंथरुणावर कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात भांडं वाजल्यासारखं झालं, मग पाण्याची बारीक धार, मग काही नाही.

सकाळी आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. "माझा बत्ता कुठंय? दहा वर्षं झाली त्या जागेवरून हलला नाय, आन् आज गायब! चटणी काय कपाळानं कुटू?" अंजलीच्या डब्याशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. तिनं कागद उलगडायच्या आधीच तिला कळलं. आईचा बत्ता म्हणजे एक पिनच होती. घणाखाली टोपी वाकडी बसली म्हणून गिऱ्हाइकानं नाकारलेली, बाबांनी घरी आणलेली. टोपी वाकडी असली तरी बाकी सगळ्या पिनांबरोबर तीही भट्टीतून गेली होती. पिन घासून लखलखीत धुतली होती. वाकड्या टोपीवर त्रिकोण, त्रिकोणात पंच्याण्णव. पत्र्यांच्या दोन वर्षं आधीची.

बाबा दारात उन्हाकडे पाठ करून बसले होते. "ही पण मोडून बघ," ते म्हणाले. "अंधारातली हाय. ही जर काडीवानी मोडली तर समजायचं हातच माझा वाईट. मंग तसंच लिही. पत्र्यांचं नाव घ्यायचं नाय."

"बाबा, कागदावर तुमचं नाव जात नाही. माझंही जात नाही."

"कागदाचं कोण बोलतंय?" बाबा म्हणाले.

ते काय मागत होते हे तिला बस येईपर्यंत नीट कळलं नाही. एकोणीस वर्षांचा डोळा त्यांनी रात्री अंधारात घासून, धुऊन, वर्तमानपत्रात बांधून तिच्या डब्याशेजारी ठेवला होता. तो खोटा ठरावा म्हणून. आणि तिला बसमध्ये, पिशवी मांडीवर घट्ट धरून, तो खरा ठरावा असंही वाटेना आणि खोटा ठरावा असंही वाटेना. पिशवीतून लसणाचा वास येत होता.

प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर तिनं मुख्य असलेल्या साधना मॅडमना सांगितलं, एका दमात, भट्टीवर माझे वडील होते. पत्र्यांचंही सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग अहवालावर सही माझी," त्या म्हणाल्या. "तुकडे यंत्रात केरूमामा ठेवतील. काटा मी वाचेन. तू फक्त लिही. नाहीतर घरी जा, कोणी काही म्हणणार नाही." अंजली म्हणाली, मी लिहिते. केरूमामांनी दोन्ही पिनांमधून तीन-तीन नमुने काढले, दहा मिलिमीटर चौरस, पंचावन्न लांब, मधोमध एक खाच. "ताई, ह्या लोखंडाला फोडणीचा वास येतोय," ते म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून टबाकडे वळले. टबात पाणी, पाण्यात बर्फ. तापमापी चार अंशांवर स्थिरावल्यावर नमुने आत ठेवले, सोबत चिमटाही, म्हणजे त्याची ऊब लागू नये. दहा मिनिटं थांबायचं. यंत्राचा लंबक वर कुलपात अडकवलेला होता. तो सुटला की खाली येऊन नमुना तोडतो आणि पलीकडे वर चढतो. तोडण्यात त्याचं जितकं बळ खर्च होतं तितका तो कमी चढतो, आणि काटा ते खर्च झालेलं बळ ज्यूलमध्ये दाखवतो. ठिसूळ नमुना त्याला जवळपास अडवतच नाही. तिनं हे पन्नास वेळा नव्या मुलांना समजावलं होतं. वहीत तिनं दोन रकाने आखले. एकावर ९९ लिहिलं, दुसऱ्यावर ९५. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन आत आला होता आणि टबाच्या काठावर चढत होता. उठून पडदा ओढावा असं तिला वाटलं. पण दहा मिनिटं झाली होती, केरूमामांनी चिमटा उचलला होता, आणि टबातून यंत्रापर्यंत नमुना न्यायला पाच सेकंदच मिळतात. लंबक सुटला. मॅडमनी काट्याकडे वाकून आकडा वाचला, अंजलीनं तो लिहिला. असं सहा वेळा झालं.

तापमान ४ अंश सेल्सिअस. पिन ९९: सहा, पाच, सहा ज्यूल. पिन ९५: तेहेतीस, एकतीस, चौतीस ज्यूल.